खोताच्या दुर्वा

वन्सं,

तुम्ही असता तर आधी खोताचं विचारलं असतं आणि मग आमचं, हे मला ठाऊक आहे. एखाद्या बाईचा एका सशात एवढा जीव अडकलेला असू शकतो, हे तुम्हाला बघेपर्यंत मला खरं वाटलं नसतं. म्हणून त्याचंच सांगणार आहे, पण सावकाश सांगते. मी काही सांगायला लागले की तुम्ही मधेच बोलायच्या आणि मला पुढचं आठवायचं नाही. आज मधे बोलायला कोणी नाही, तेव्हा सगळं क्रमाने सांगून होईल. ते झालं तरी मला फारसं बरं वाटणार नाही, ते वेगळं.

लिहायची मला सवय नाही. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सह्या करायला. तुम्ही एकदा प्राचीला म्हणाला होता, "तुझ्या आवशीच्या तोंडाक कुलूप असा, पण अक्षर बघ कसा मोत्यावानी." ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. हे कोणाला दाखवायचं नाहीय. मोठ्याने बोलले तर घरात सगळ्यांना ऐकू जाईल, म्हणून लिहिते.

तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. तुमची खाट हॉलमध्ये होती तिथेच आहे. ती उभी करून ठेवली तर जागा होईल, असं तुमचे भाऊ म्हणाले. मी नको म्हटलं. वरची जागा तुमची होती, पण खालची खोताची आहे, त्याला विचारल्याशिवाय कशी हलवायची.

तो आला तो दिवस आठवतो का? तुम्ही नोकरीतून रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते. अंधेरीच्या औषधांच्या कंपनीत इतकी वर्षं डबे पॅक केल्यावर घरी बसून तुमचे हात शिवशिवत होते. रोज काहीतरी निमित्त काढून स्टेशनाकडच्या मार्केटात जायच्या. त्या दिवशी कोथिंबीर आणायला गेलात आणि पिशवी पोटाशी धरून आलात. म्हणालात, "हात घाल बघू आत." मी हात घातला तर आत काहीतरी गरम हललं. मी ओरडून मागे झाले आणि तुम्ही हसत हसत दारातच खाली बसलात. पिशवीत मुठीएवढा पांढरा ससा होता, एक कान करडा. कोथिंबिरीचे नुसते देठ राहिले होते.

"रिक्षेत बसान सगळी खाल्ल्यान मेल्यान," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या तोंडावर असं कौतुक होतं, जसं काही नातवाने बक्षीस आणलंय.

हे कामावरून आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "ताय, ह्या काय आणलंस? घरात आधीच पाय ठेवक जागा नाय."

"तू पाय लहान कर."

"पण अचानक ससो कित्याक?"

"डोहाळे लागले माका. आता गप रव."

प्राची इतकी हसली की तिला उचकी लागली. मी रायगडकडची. लग्न होऊन आले तेव्हा तुमचं मालवणी समजायलाच मला वर्ष गेलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ज्या मोठ्या नणंदेला सगळ्या घाबरतात ती ही बाई नव्हेच.

दोन दिवस तो खाटेखालून निघाला नाही. मग निघाला आणि घरभर फिरत एकेका वस्तूला हनुवटी घासत सुटला. खाटेचा पाय, गॅसचा सिलिंडर, माझा कुकर, ह्यांची ऑफिसची बॅग. आपल्याला वाटलं, हनुवटीला खरूज आहे. त्याला घेऊन दवाखान्यात गेलो तर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, खरूज नाही, सशाच्या हनुवटीखाली वास असतो, तो लावून ससा सांगतो की हे माझं आहे. बाहेर आल्यावर तुम्ही रिक्षात म्हणालात, "आमच्या गावाक खोत होतो, तो असोच. व्हाळापासून डोंगरापर्यंत हात फिरवी आणि म्हणी, ह्या माझा." तिथेच नाव पडलं. नंतर लाइटचं मीटर बघणाऱ्या माणसाने बॅग खाली ठेवली तर खोताने तिलाही हनुवटी लावली, आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "आता तुमी पण खोताची कुळा झालात." तो बिचारा दर वेळी बॅग वर धरून उभा राहायचा.

त्याच डॉक्टरीण बाईंनी गाजराचं सांगितलं होतं. सगळी सोसायटी गाजरं आणून द्यायची, सशाला गाजर म्हणजे जेवणच असं सगळ्यांना वाटतं. त्या म्हणाल्या, गाजर म्हणजे त्याचा पेढा, रोज द्यायचा नाही. त्याची भाकरी म्हणजे गवत. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "गवत तर आपल्या देवाच्या डोक्यारच असा."

तेव्हा ते बोलणं होतं. खरं झालं ते नंतर, आणि ते खोताने स्वतः केलं. तुम्ही आंघोळ करून मागच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी जायच्या आणि गणपतीसाठी दुर्वा काढून आणायच्या. ताज्या वाहायच्या, आदल्या दिवशीच्या काढायच्या. एकदा काढलेली जुडी हातात घेऊन तुम्ही वळलात तर मागे हा उभा, मागच्या दोन पायांवर. तुमच्या हातातून एक काडी ओढली आणि तिथेच बसून खाल्ली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. देवाचं निर्माल्य सशाने खाल्लं तर काय, हे आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं. मग तुम्हीच निकाल दिलात. "कुंडीत कुसता, त्यापरास पोटात गेलेला बरा."

तेव्हापासून तो नेमच झाला. तुम्ही सहाणेवर चंदन उगाळायला घेतलं की तो आवाज ऐकून खोत खाटेखालून निघायचा, एकेक पाय ताणून आळस द्यायचा आणि देवघरासमोर येऊन बसायचा. उदबत्तीने त्याला शिंका यायच्या, तर तुम्ही उदबत्ती बाल्कनीत लावायला लागलात. हे म्हणाले, "ताय, देवाक वास कसो येतलो?" तुम्ही गणपतीकडे बोट दाखवून म्हणालात, "तेचा नाक काय लहान असा?"

तुमच्या आणि ह्यांच्या त्या भांडणाला सुरुवातही दुर्वांवरूनच झाली. चहाच्या वेळी खोत येऊन तुमच्या पायाशी गोल गोल फिरायचा, पातळाची कड दातात धरून ओढायचा, आणि तुम्ही सगळ्यांकडे बघायच्या, बघितलंत ना, अशा. हे म्हणायचे, "तुझ्यासाठी नाय येत तो. दुर्वांसाठी येता. जनावर हातातला खाणा वळखता, हात नाय वळखत." तुम्ही चिडायच्या. एकदा ह्यांनी खरंच करून दाखवलं. तुम्ही देवावरून काढून ठेवलेली जुडी उचलली आणि स्वतः त्याच्यापुढे धरली. खोताने सगळी खाल्ली, शेवटच्या काडीसाठी ह्यांचं बोटसुद्धा हुंगलं.

"बघ."

तुम्ही म्हणालात, "तू हाटेलात जेवतंस म्हणान वेटर काय तुझो बापूस झालो?"

मग मात्र दिवसभर तुम्ही खोताशी बोलला नाहीत. त्याने काय गुन्हा केला होता कोण जाणे. ते भांडण मिटलं असं कधी झालंच नाही. शेवटच्या आजारपणातही हॉस्पिटलात जाताना लिफ्टपाशी ह्यांनी तुम्हाला हसवायला म्हटलं, "ताय, लवकर ये, दुर्वा कोण काढतलो?" आणि तुम्ही म्हणालात, "दुर्वा नाय, तो माझी वाट बघतलो." तुमचं त्याच्याबद्दलचं शेवटचं बोलणं ते.

माझं मत तुम्ही कधी विचारलं नाहीत त्या भांडणात. तसं मी दिलंही नसतं. पण बाकी सगळं तुम्ही मला विचारायच्या. तुम्हाला बोलणारी माणसं आवडायची आणि हा तर मुका. कुत्रा भुंकतो, मांजर ओरडतं, सशाचं काही ऐकूच येत नाही. तुम्ही वैतागून म्हणायच्या, "सुमन, ह्यो काय म्हणता गो?" आणि मला ते दिसायचं. स्वतः कमी बोललं की दुसऱ्याचे कान, डोळे बघायला वेळ मिळतो. मी सांगायची, वन्सं, कान मागे पाडलेत, रागावलाय. एक कान तुमच्याकडे आणि एक दाराकडे आहे, कोणीतरी येतंय. दोन डोळ्यांच्या मधे अंगठ्याने चोळलं की दात बारीक वाजवतो, तो आवाज ऐका, ते सुख आहे. तुम्ही कान त्याच्या तोंडाशी नेऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "होय गो, शिवणयंत्रावानी."

या घरात मला कोणी काही विचारावं आणि मी सांगावं, हे त्याच्यामुळे सुरू झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, नसेलही.

तो पहिल्यांदा आडवा झाला ते आठवून अजून हसू येतं. दुपारी फरशीवर बसल्या बसल्या एकदम कुशीवर कोसळला, पाय लांब, डोळे अर्धे पांढरे. तुम्ही भांडी टाकून धावलात. "मेलो गो मेलो, सुमन, माझो खोत मेलो." शेजारच्या दोघी आल्या. तेवढ्यात त्याने एक डोळा उघडला, एवढी गर्दी कशाला अशा नजरेने बघितलं आणि दुसऱ्या कुशीवर वळला. ससा जिथे निर्धास्त असतो तिथेच असा पडतो, हे आपल्याला नंतर कळलं. तुम्ही शेजारणींना चहा पाजलात. आणि संध्याकाळी तो हॉलभर धावला, मधेच हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला, तर तुम्ही म्हणालात, "पिसा लागला काय तेका?" मी म्हटलं, नाही, आनंद झालाय.

रुसायचा तर असा की माणूस बरा. गणपतीला तुम्ही गावी गेलात आणि परत आलात तेव्हा तो तुमच्याकडे पाठ करून बसला. तुम्ही या बाजूला गेलात तर तो त्या बाजूला वळला. पुदिना दाखवलात तरी नाही. तुम्ही फरशीवर बसून त्याच्या पाठीला समजावत होता, "अरे, पाच दिवसांचो देव होतो, मी काय करू?" रात्री जेवताना तो आला आणि तुमच्या हाताच्या जुन्या कापलेल्या व्रणावर जीभ फिरवत राहिला. तुम्ही डाव्या हाताने जेवलात.

माझ्याकडे तो तसा कधी आला नाही. संध्याकाळची पालेभाजी मी द्यायची, त्याची घाण मी काढायची. तो माझे पाय हुंगायचा आणि पुढे जायचा. तुम्ही चिडवायच्या, "तुका तो गडी समाजता." मी हसायची. पण मला वाटायचं, एकदा तरी यावं. हे कोणाला काय सांगायचं, सशासाठी हेवा वाटतो म्हणून?

आता पुढचं सांगते.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा सकाळ होती. हॉलमध्ये चटईवर ठेवलं. माणसं भरली होती, म्हणून मी खोताला स्वयंपाकघरात घालून दार लावलं होतं. मुलुंडच्या काकी तुमच्या उशाशी बसल्या होत्या. तर आतून धप्प, धप्प आवाज यायला लागला. तो मागचा पाय आपटत होता. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की ससा तसा आपटतो.

"आत कोण आपटता?" काकींनी विचारलं.

"खोत," प्राची म्हणाली.

"खोत कोण? तेका कित्याक कोंडून ठेवलास?" काकींना वाटलं, एखादा माणूसच आहे.

कोणी हसलं नाही. मला वाटत होतं की त्याला बाहेर सोडावं, पण एवढ्या माणसांत माझा आवाज निघेना. ह्यांनीच उठून दार उघडलं. ते कोणाकडे न बघता म्हणाले, "तेच्या पण घरातला माणूस गेला."

खोत भिंतीकडेने आला. एवढे पाय बघून एरवी तो पळाला असता. तुमच्या पायापाशी थांबला, मान लांब करून हुंगलं. मग तुमच्या हाताकडे गेला आणि रोजच्यासारखं डोकं तुमच्या तळव्याखाली घातलं. तसाच थांबला. तुम्ही चोळाल म्हणून. मग नाकाने हात जरा वर ढकलला आणि पुन्हा डोकं घातलं. नंतर निघून खाटेखाली गेला. काकींनी डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर त्याने खाणं टाकलं.

अगदीच काही खात नव्हता असं नाही. पालकाचं एखादं पान कुरतडायचा, सोडायचा. लेंड्या बारीक बारीक व्हायला लागल्या, मग थोड्याच. मी डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेले. पहिल्यांदा एकटी गेले, वन्सं, आणि सगळं बोलले. त्या म्हणाल्या, सशाचं पोट थांबलं की ससा राहत नाही, पोट चालतं ठेवायचं. पातळ भरडी सुईशिवायच्या सिरिंजने तोंडात घालायला दिली. मी मांडीवर घेऊन घालायची, तो अर्धी माझ्या अंगावर उडवायचा. जगत होता इतकंच.

काकी सुतकाचे दहा दिवस आपल्याकडे राहिल्या होत्या. त्या म्हणायच्या, "जनावराक काय कळता गो? सवय मोडली, आणखी काय."

तो सकाळी मात्र निघायचा. खाटेखालून यायचा आणि देवघरासमोर बसायचा. सुतकात पूजा नाही, काकींनी देवघरावर पांढरा कपडा टाकला होता. त्या कपड्यासमोर तो ऊन फरशीवर येईपर्यंत बसून राहायचा. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी त्याला बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं. आपण सगळे म्हणतोय की दुःखाने खात नाही. पण पूजा बंद, म्हणजे निर्माल्य बंद. याची सकाळची भाकरी आपण सुतकात बंद केली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी पिशवी घेऊन चप्पल घातली. काकी म्हणाल्या, "खंय चाललंस?"

"दुर्वा काढायला."

"सुतकात? देवाक शिवूक नाय आणि दुर्वा तोडूक जातंस?"

"देवाला नाही काकी. सशाला."

त्यांना मी उलट बोलेन असं वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

कोवळ्या बघून आणल्या. त्याच्यापुढे धरल्या. त्याने हुंगल्या आणि तोंड फिरवलं. मी फरशीवर ठेवल्या, तो उठून खाटेखाली गेला. हे बघत होते. म्हणाले, "माझ्याकडे दे. माझ्याकडून घेतल्या होत्या ना मागे." ते गुडघे टेकून खाटेखाली हात घालून बसले. तुमचा भाऊ, वन्सं, जो जमिनीवर बसायचं म्हटलं की गुडघा दुखतो म्हणतो. खोताने त्यांचाही हात हुंगला आणि तोंड फिरवलं. हे बराच वेळ तसेच बसले होते.

मी ओट्यापाशी उभी राहून विचार करत राहिले. दुर्वा त्याच, जागा तीच. मग वेगळं काय? वेगळं हे की याने ताजी दुर्वा कधी खाल्लीच नव्हती. त्याच्या वाट्याला यायच्या त्या एक दिवस शिळ्या, चंदनाच्या वासाच्या, आणि तुम्ही सकाळी तोडलेल्या, निवडलेल्या, जुडी बांधलेल्या, दुसऱ्या दिवशी काढलेल्या. दोन दिवस तुमचा हात लागलेल्या. ह्यांनी दिल्या होत्या त्यासुद्धा तुम्हीच काढून ठेवलेल्या.

देवावर वाहता येत नव्हत्या. चंदनाचं खोड होतं. तुमचा हात कुठून आणू?

काकींनी तुमच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, देऊन टाकायला. गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये, ते मलाही माहीत आहे. मी गाठोडं सोडलं आणि तुमचं ते निळ्या बुट्ट्यांचं सुती पातळ काढलं, पूजेला बसताना नेसायच्या ते. धुवायचं राहिलेलं होतं. काकी बघत होत्या. "ता कित्याक?" म्हणाल्या. मला सांगता येईना, म्हणून मी सांगितलंच नाही. दुर्वांची जुडी केली, चंदनाचं खोड बरोबर ठेवलं आणि पदरात गुंडाळून तुमच्या उशीखाली ठेवून दिलं.

दुसऱ्या सकाळी खाटेपुढे फरशीवर ते उलगडलं. खोत आला. दुर्वांकडे बघितलंही नाही. आधी पातळ हुंगलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यावर हनुवटी घासली, आणि घडीत नाक खुपसून पडून राहिला. मला वाटलं, झालं, हेही गेलं. आम्ही तिघं उभे होतो, हे, काकी आणि मी. हलायची भीती वाटत होती. मग त्याने पडल्या पडल्या मान जराशी वळवली आणि एक काडी तोंडात घेतली. ती हळूहळू आत जात होती, कोणी दोरा ओढावा तशी. मग दुसरी.

"खाता गो," काकी अगदी हळू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "उद्या पण घाल बांधून."

हे बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर पाठ न वळवताच म्हणाले, "ताय जिंकली. आता असती तर वर्षभर टोमणे मारले असते."

मी म्हटलं, "दोन वर्षं."

तेव्हा ते हसले, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

सुतक संपलं, देवघरावरचा कपडा काढला. पूजा आता मी करते. तुमच्यासारखं मोठ्याने म्हणता येत नाही, मनात म्हणते, देव तेही ऐकत असेल. दुर्वा वाहते, दुसऱ्या दिवशी काढते, त्या रात्रभर तुमच्या पदरात बांधते आणि मग खोताला देते. तो खातो. पालक खायला लागला, मेथी खायला लागला. लेंड्या पहिल्यासारख्या झाल्या, आणि वन्सं, लेंड्या बघून कोणाला आनंद होतो तर तो आपल्याच घरात. काकी जाताना त्याच्यापुढे वाकून म्हणाल्या, "खोतानु, येतंय हां."

पण मला एक भीती होती. पातळाचा वास कमी होत चालला होता. मी रोज हुंगून बघायची. आधी तुमचं खोबरेल तेल, चंदन आणि तुमचा म्हणून जो होता तो वास, सगळं यायचं. मग नुसतं तेल. मग माझ्याच हाताचा लसूण आणि हळद यायला लागली. ते रोज मीच उलगडत होते आणि मीच बांधत होते. ज्या दिवशी तुम्ही त्यातून पूर्ण जाल त्या दिवशी हा पुन्हा तोंड फिरवेल, असं मला वाटत होतं. मी कोणाला बोलले नाही.

काल प्राचीचं काहीतरी कॉलेजचं होतं, त्या गडबडीत दुर्वा पदरात बांधायच्या राहून गेल्या. आज सकाळी देवावरून काढल्यावर लक्षात आलं. खोत मागे येऊन बसला होता. माझ्या हातात जुडी, तशीच. करायचं काय? मी खाली बसले आणि हात पुढे केला.

त्याने दुर्वा हुंगल्या. मग माझी बोटं हुंगली. पुन्हा दुर्वा, पुन्हा बोटं. मग त्याने माझ्या अंगठ्यावर एकदा जीभ फिरवली आणि पहिली काडी घेतली.

सगळी जुडी खाल्ली. मी तिथेच बसून होते, गुडघे भरून आले तरी.

नंतर तुमचं पातळ धुवायला काढलं. पाण्यात बुडवायच्या आधी एकदा नाकाशी धरलं. तुमचा वास होता असं म्हणता येणार नाही, नव्हता असंही नाही. मग साबण लावला, हलक्या हाताने, सुती जुनं आहे म्हणून. आता बाल्कनीत दोरीवर वाळतंय. देऊन टाकणार नाही, काकींना काय म्हणायचं ते म्हणोत. उद्या पूजेला मी ते नेसणार आहे.

तुमची,
सुमन